प्रसूतिगृहाचा वार्षिक अहवाल : 'एकही मातामृत्यू नाही' या ओळीपुढे काय लिहावे?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून तालुक्याच्या गावी राहते. आमच्या गावातील एका धर्मादाय प्रसूतिगृहाच्या विश्वस्त मंडळाची चिटणीस म्हणून मागील वर्षापासून काम पाहत आहे. रुग्णालय लहान आहे. वीस खाटा, एक प्रसूतिकक्ष, एक शस्त्रक्रियागृह, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, गरज पडेल तेव्हा बोलावल्यावर येणारे भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ, आणि वर्षाकाठी सहाशेच्या आसपास बाळंतपणे, असा एकूण पसारा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा अहवाल यंदा मला लिहायचा आहे, म्हणून मी मागील दहा वर्षांचे अहवाल कपाटातून काढून वाचले.

प्रत्येक अहवालात एकूण प्रसूती, त्यांपैकी नैसर्गिक किती व सिझेरियन किती, बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, भरवलेली शिबिरे, देणगीदारांची यादी आणि नव्या यंत्रसामग्रीची छायाचित्रे आहेत. त्याबरोबर 'परमेश्वरकृपेने याही वर्षी आपल्या रुग्णालयात एकही मातामृत्यू झाला नाही' हे वाक्य दहाही वर्षे जसेच्या तसे आले आहे. ते खरे आहे, याबद्दल मला शंका नाही. आमच्या डॉक्टरांची आणि सिस्टर मंडळींची मेहनत मी रोज पाहते.

मात्र अहवालांबरोबर मी प्रसूतिकक्षाची मूळ रजिस्टरेही चाळली. त्यांत काही नावांपुढे शेऱ्याच्या रकान्यात 'पुढील उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात रवाना' असे लिहिलेले आहे आणि त्यापुढे काहीही नाही. एका नावापाशी मी बराच वेळ थांबले, कारण ती माझी विद्यार्थिनी होती. ती सुखरूप आहे, तिचा मुलगा आता शाळेत जातो. परंतु हे मला गावात राहते म्हणून ठाऊक आहे, रजिस्टरमुळे नव्हे. बाकीच्या नावांचे पुढे काय झाले, हे सांगू शकेल असा एकही कागद आमच्याकडे नाही.

माझी विचारणा अशी आहे की लहान प्रसूतिगृहाच्या वार्षिक अहवालात मातेच्या काळजीविषयी नेमके काय नोंदवावे, म्हणजे तो वाचणाऱ्याला वर्षभरातील कामाची खरी कल्पना येईल? सिझेरियनचे प्रमाण छापावे की नाही, यावरही मंडळात मतभेद आहेत. मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, त्यामुळे कृपया शक्य तितके उलगडून सांगावे.

---

जुना_प्रसूतितज्ज्ञ

ताई, आधी शासकीय सेवेत आणि नंतर खाजगी व्यवसायात मिळून मी तीसेक वर्षे बाळंतपणे केली, आणि त्यातील बरीच वर्षे तुम्ही म्हणता तसलेच अहवाल लिहिले. तुमचे बोट नेमक्या जागी पडले आहे, म्हणून त्या रिकाम्या रकान्यापासूनच सुरुवात करतो.

गरोदरपणात, किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी वा त्यावरील उपचारांशी संबंध असलेल्या कारणाने स्त्री दगावली, तर तो मातामृत्यू धरला जातो. अपघातासारखी असंबद्ध कारणे त्यात येत नाहीत. त्याचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे सांगतात. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार ते संपूर्ण देशात ९७, महाराष्ट्रात ३३, केरळात १९ आणि आसामात १९५ होते. आता महाराष्ट्राचे ३३ हे प्रमाण आपल्या सहाशे बाळंतपणांना लावून पाहा. वर्षाला ०.२ असे उत्तर येते, म्हणजे पाच वर्षांत एखादा मृत्यू. त्यातही ज्यांची प्रकृती गंभीर झाली त्यांना आपण वर पाठवले, आणि ४२ दिवसांपैकी आपल्या भिंतींच्या आत बाई राहिली जेमतेम दोन किंवा पाच दिवस. तेव्हा दहा वर्षे शून्य आकडा येणे ही आनंदाची गोष्ट असली, तरी काळजी उत्तम घेतली गेली की दैवाने साथ दिली, हे त्या शून्यावरून कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून लहान रुग्णालयाने मृत्यूच्या अलीकडच्या घटना मोजाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 'मरणाच्या दारातून परत आलेल्या माता' मोजण्यासाठी सविस्तर निकष तयार केले आहेत, परंतु त्यातील निम्म्या तपासण्या तालुक्याच्या ठिकाणी होत नाहीत. मी आपल्यासाठी साधा हिशेब सुचवतो. वर्षभरात किती बायकांना रक्त द्यावे लागले, किती जणींना झटके आले, किती जणींची वार हाताने काढावी लागली, किती जणींना पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले, कोणाची गर्भपिशवी काढावी लागली का, किती जणी जंतुसंसर्ग होऊन किंवा टाके उकलून परत आल्या, आणि किती जणींना वर पाठवले. हे सारे आकडे आपल्या रजिस्टरांतच आहेत, कोणी एकत्र केलेले नाहीत एवढेच. वर पाठवलेल्या प्रत्येकीबद्दल मात्र चार गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतील : निर्णय किती वाजता झाला, गाडी किती वाजता निघाली, ती तिथे किती वाजता पोहोचली, आणि ४२ व्या दिवशी ती व तिचे बाळ कसे होते. पहिल्या दोन वेळांमधील अंतर हा आपल्या रुग्णालयाविषयीचा सर्वांत प्रामाणिक आकडा ठरेल, असे माझे मत आहे.

रक्तस्रावाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे बाळंतीण दगावण्याचे ते आजही मोठे कारण आहे. प्रसूतीनंतर ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले तर तो अतिरिक्त रक्तस्राव, ही व्याख्या प्रत्येक डॉक्टरला पाठ असते. पण रक्त मोजतो कोण? आम्ही सगळे नजरेने अंदाज करत आलो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील मंडळींनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक साधी प्लास्टिकची चादर वापरात आणली. ती बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची, तिचे खालचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते असते आणि त्यावर मापाच्या रेघा असतात. नजरेचा अंदाज आणि या चादरीवरील माप यांची तुलना केली, तेव्हा नजर सुमारे एक तृतीयांश रक्त कमी सांगते असे आढळले. त्याच परिसरातील खेड्यांत १६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे अतिरिक्त रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. पुढे २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ऐंशी रुग्णालयांत, रेघांची चादर वापरून रक्त मोजणे आणि ठरलेले सगळे उपचार एकदमच सुरू करणे, अशी पद्धत अवलंबली गेली, तेव्हा गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले. रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक ॲसिडच्या बाबतीतही मोजमाप आणि वेळ महत्त्वाची आहे. २१ देशांतील वीस हजार स्त्रियांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये दिसले की हे इंजेक्शन प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. म्हणून 'इंजेक्शन दिले' एवढीच नोंद पुरत नाही, किती वाजता दिले हेही लिहावे लागते.

आता सिझेरियन. ते प्रमाण जरूर छापावे, पण नुसती टक्केवारी छापू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के होते. या दोन आकड्यांतील दरी पाहून कोणीही अस्वस्थ होईल. मात्र ज्या रुग्णालयात आडव्या बाळाच्या, जुळ्यांच्या किंवा आधी सिझेरियन झालेल्या बायका अधिक येतात, तिथले प्रमाण वाढणारच. यावर मायकेल रॉब्सन या डॉक्टरांनी २००१ मध्ये दहा गटांची विभागणी सुचवली, आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना तीच वापरण्यास सांगते. पहिलटकरीण, एकच बाळ, डोके खाली, दिवस पूर्ण भरलेले आणि कळा आपोआप सुरू झालेल्या, हा पहिला गट. तशीच पहिलटकरीण, परंतु कळा औषधाने आणलेल्या किंवा कळांआधीच सिझेरियन केलेली, हा दुसरा. आणि आधी सिझेरियन झालेली, दिवस पूर्ण भरलेली व एकच बाळ डोके खाली असलेली, हा पाचवा. आपल्या डॉक्टरांना निदान या तीन गटांचे आकडे वेगळे काढायला सांगा. पहिल्या दोन गटांतील आजची सिझेरियन ही पुढच्या चार-पाच वर्षांत पाचव्या गटाच्या रूपाने आपल्याच दारात परत येतात. गावकऱ्यांना आणि विश्वस्तांना हे दहा मिनिटांत समजावून सांगता येते. मी सांगितले आहे, आणि लोकांना ते कळते.

जाता जाता एक सूचना : जुन्या रजिस्टरांत आता कोणीही एक अक्षरसुद्धा लिहू नये. ते कायदेशीर दस्तऐवज आहेत. जे काही नवे लिहायचे, ते नव्या वहीत.

---

सूतिका_परिचारिका

सरांनी आकड्यांविषयी सांगितले आहे. मी प्रसूतिकक्षात २२ वर्षे काम केलेली परिचारिका आहे, त्यामुळे हे आकडे ज्या हातांनी लिहिले जातात त्या बाजूने थोडे सांगते.

बाळ बाहेर आले, रडले, नातेवाइकांना बातमी गेली, बाहेर पेढ्यांचा डबा उघडला, की सगळ्यांना वाटते बाई सुटली. आमच्या दृष्टीने तिचे खरे दोन तास तिथून पुढे सुरू होतात. बाळ जन्मल्यापासून एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन या गर्भाशय आवळणाऱ्या औषधाचे दहा युनिटचे इंजेक्शन द्यायचे, वार पूर्ण पडली की नाही ती हातात घेऊन उलटसुलट पाहायची, आणि मग दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पॅड आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलेले आहे की नाही हे तपासायचे. चांगले आवळलेले गर्भाशय बेंबीच्या खाली कडक चेंडूसारखे हाताला लागते. ते मऊ, कणकेसारखे लागले, की काही मिनिटांत रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. या दोन तासांत आठ वेळा हात लावला गेला की नाही, हे केसपेपरवर कळते. ताई, आपण कोणत्याही महिन्याचे वीस केसपेपर काढा आणि त्यांवर प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांतील किती नोंदी आहेत, त्या मोजा. रात्री दोन वाजता झालेल्या बाळंतपणांचे कागद मुद्दाम निवडा. मातेच्या काळजीविषयी त्यातून जे समजेल, ते दुसऱ्या कोणत्याही तक्त्यातून समजणार नाही.

त्याच वेळी रात्रपाळीला किती जणी होत्या, हेही अहवालात यायला हवे, असे मी आग्रहाने सांगते. एकीच्या कळा चालू, दुसरी नुकतीच बाळंत झालेली, तिसरीला शस्त्रक्रियागृहात न्यायचे, आणि परिचारिका एकच, अशा रात्री मी काढलेल्या आहेत. अशा वेळी पंधरा मिनिटांची नोंद चुकते, किंवा सकाळी एकदम भरली जाते. नोंद चुकली म्हणून त्या मुलीला बोलण्यापेक्षा पाळीचा तक्ता आधी पाहावा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात शीतकपाटात ठेवावे लागते. उन्हाळ्यात वीज गेली तर त्याचे काय होते, जनरेटरवर ते कपाट जोडलेले आहे का, कपाटाच्या दाराला तापमानाची वही टांगलेली आहे का, हे विश्वस्तांनी विचारावे. वीस खाटांच्या रुग्णालयात नव्या सोनोग्राफी यंत्रापेक्षा त्या कपाटाने अधिक माता वाचवल्या असतील.

आणखी एक गोष्ट तक्त्यात बसणारी नाही, पण लिहिण्यासारखी आहे. कळा देणाऱ्या बाईजवळ तिची आई, सासू किंवा बहीण यांपैकी तिला हवे ते माणूस थांबू दिले जाते का? आमच्याकडे पूर्वी सर्वांना बाहेर काढत असत आणि मीही काढले आहे, याचे मला आज वाईट वाटते. पाठीवर हात फिरवणारे माणूस जवळ असले की बाई कमी घाबरते, वेदनाशामके कमी लागतात, कळांचा वेळही कमी होतो, हे अभ्यासांत सिद्ध झालेले आहे आणि शासनाच्या मार्गदर्शक सूचनांतही जन्मसोबतीला मान्यता आहे. घरी जाताना प्रत्येक बाईला 'तुमच्याशी कोणी उंच आवाजात बोलले का, तपासणीपूर्वी तुम्हाला विचारले का' एवढे दोनच प्रश्न विचारावेत आणि वर्षअखेरीस त्या उत्तरांची बेरीज जशी येईल तशी छापावी.

---

लिफीकाठ

मी मूळची साताऱ्याची, सध्या डब्लिनमध्ये राहते आणि आरोग्यसेवेच्या नोंदींचे काम करते. इथल्या वार्षिक अहवालांची परंपरा फार जुनी आहे आणि ताईंच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे, म्हणून लिहिते.

डब्लिनचे रोटुंडा रुग्णालय बार्थोलोम्यू मॉस यांनी १७४५ मध्ये, गरीब बायकांच्या बाळंतपणाची सोय व्हावी म्हणून सुरू केले. तिथल्या प्रमुखाला 'मास्टर' म्हणतात आणि त्याची मुदत सात वर्षांची असते. रॉबर्ट कॉलिन्स हे १८२६ ते १८३३ या काळात मास्टर होते. त्यांनी आपल्या कारकिर्दीतील सोळा हजारांहून अधिक बाळंतपणांचा तपशील, मृत्यूंसह आणि कारणांसह, १८३५ मध्ये पुस्तकरूपाने छापला. बाळंतज्वराची साथ आल्यावर त्यांनी १८२९ मध्ये वॉर्ड रिकामे करून क्लोरीनची धुरी दिली, जमीन आणि लाकूडकाम चुन्याच्या क्लोराइडने धुऊन काढले, आणि त्यानंतर साथ थांबल्याची नोंदही त्यांनीच केली. जंतूंची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती. हातात होत्या त्या फक्त काटेकोर ठेवलेल्या नोंदी.

बाळंतज्वर रोखण्यासाठी हात धुण्याचा आग्रह धरणाऱ्या व्हिएन्नाच्या डॉक्टर सेमेलवाइस यांचे नाव अनेकांना ठाऊक आहे, पण त्यांचा शोध मुळात दोन वार्षिक तक्ते शेजारी ठेवल्यामुळे लागला, हे सहसा सांगितले जात नाही. एकाच रुग्णालयात दोन प्रसूती विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या विभागात ११.४ टक्के बायका दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. दाखल होण्याचे दिवस आलटून पालटून असत आणि पहिल्या विभागाचा दिवस आला की बायका दुसऱ्यात घ्या म्हणून हातापाया पडत. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागतात, हे लक्षात आल्यावर मे १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले, आणि १८४८ मध्ये पहिल्या विभागातील प्रमाण १.२७ टक्के झाले. दोन्ही विभागांची बेरीज करून एकच आकडा छापला असता, तर त्या बायकांना जे कळत होते ते डॉक्टरांना किती तरी वर्षे कळले नसते. म्हणून ताईंना माझी विनंती आहे की वर्षाची एकच बेरीज देऊ नये. दिवसा झालेली आणि रात्री झालेली बाळंतपणे, नाव नोंदवलेल्या आणि ऐनवेळी आलेल्या बायका, असे निदान दोन भाग पाडून आकडे द्यावेत.

आज डब्लिनची तिन्ही मोठी प्रसूती रुग्णालये, म्हणजे रोटुंडा, कूम आणि होल्स स्ट्रीट, आपापले वार्षिक अहवाल एकमेकांसमोर मांडतात आणि बाहेरचा परीक्षक त्यांवर बोलतो. वर उल्लेख आलेले रॉब्सन हे याच होल्स स्ट्रीट रुग्णालयाचे मास्टर होते. आपल्याकडे तालुक्यातील तीन-चार प्रसूतिगृहांनी वर्षातून एकदा एकत्र बसून एकमेकांचे अहवाल वाचायला काय हरकत आहे? केरळमध्ये तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून मातामृत्यूंची गोपनीय छाननी सुरू केली. त्यात कोणाचेही नाव न घेता प्रत्येक मृत्यूतून काय शिकता येईल, एवढेच पाहतात. जुन्या_प्रसूतितज्ज्ञांनी दिलेला १९ हा आकडा वाचताना मला त्या छाननीची आठवण झाली.

---

कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे वीस केसपेपर मी आजच काढायला सांगितले आहेत. दोन अडचणी मात्र राहतात. पहिली अशी की विश्वस्तांपैकी काहींना वाटते, रक्तस्राव, झटके, वर पाठवलेल्या बायका हे सगळे छापले तर लोक घाबरून आपल्याकडे यायचे थांबतील. दुसरी अधिक अवघड आहे. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या असतात आणि काही दिवसांनी सासरी निघून जातात. अशा बाईची ४२ व्या दिवसाची नोंद आम्ही कोठून मिळवावी?

---

सातपुडा_पायथा

ताई, मी नंदुरबार जिल्ह्यात आशांच्या गटाची गटप्रवर्तक आहे. आपल्या दुसऱ्या अडचणीवर सांगते.

रुग्णालयात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशा सहा वेळा जाते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे आपल्याला हवी असलेली नोंद गावात तयारच असते. ती रुग्णालयापर्यंत पोहोचत नाही, कारण कोणी मागत नाही. आपण घरी सोडताना कार्डावर बाई पुढील सहा आठवडे कोणत्या गावी राहणार आहे, हे विचारून लिहा आणि त्या गावच्या आशेचा किंवा परिचारिकेचा नंबर घ्या. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घर सोडत नाही, ही रीत अजून बऱ्याच ठिकाणी पाळतात. सव्वा महिना आणि ४२ दिवस यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे पहिलटकरीण त्या काळात बहुधा माहेरीच, आपल्याच पंचक्रोशीत सापडते. सासरी जाण्याआधी ओटी भरताना एक फोन केला तरी काम होते.

या सव्वा महिन्यात घरात बाळाकडे दहा जण पाहत असतात आणि आईकडे कोणी पाहत नाही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. ताप आला तर 'दूध उतरत असेल', अंगावरून जास्त जात असेल तर 'घाण जायलाच हवी', पाय सुजले तर 'बाळंतपणात होतेच', असे म्हणून दिवस ढकलले जातात. ती गप्प बसते, रात्री रडते, बाळाला जवळ घ्यायला नको म्हणते, हे तर कोणाला आजारपण वाटतच नाही. घरी सोडताना ही लक्षणे बाईला आणि तिच्यासोबतच्या मोठ्या बाईला, दोघींना समोर बसवून सांगावीत. नुसत्या सुनेला सांगून उपयोग होत नाही, कारण दवाखान्यात जायचे की नाही हे ती ठरवत नाही.

आमच्या डोंगराळ भागात दिवस भरत आलेल्या बाईला काही दिवस आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवतात, कारण पावसाळ्यात नदीला पाणी आले की झोळीत घालून आणावे लागते. आपल्या भागात नदीनाल्यांची अशी अडचण नसेल, पण ऊसतोडीला गेलेल्या बायका असतील. त्यांची नावे कोणत्याच गावच्या यादीत सलग राहत नाहीत. आपल्या अहवालात 'ऐनवेळी आलेल्या' बायकांचा वेगळा भाग करणार असाल, तर त्यात त्या किती आहेत, हे जरूर पाहावे.

---

जुना_प्रसूतितज्ज्ञ

गटप्रवर्तक ताईंनी माझे काम हलके केले. विश्वस्तांच्या भीतीविषयी दोन शब्द लिहितो.

नावे छापायची नाहीत, गाव छापायचे नाही, ओळख पटेल असे काहीही बाहेर जाऊ द्यायचे नाही. सहाशे बाळंतपणांच्या गावात 'एक बाई' म्हटले तरी लोक ओळखतात, म्हणून एखादी घटना सविस्तर सांगायची असेल तर ती बंद दाराआड, डॉक्टर, परिचारिका आणि दोन विश्वस्त यांच्या बैठकीत सांगावी. छापील अहवालात फक्त आकडे आणि त्यावरून आपण काय बदलले, एवढेच यावे. बाळंतपणाचे गुपित राखणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी जे बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तिथे विधवांना नाव उघड न करता बाळंत होता येत असे, आणि त्या विश्वासावरच त्या बायका तिथवर आल्या.

लोक घाबरतील का, याचे उत्तर माझ्या अनुभवापुरते देतो. 'यंदा इतक्या बायकांना रक्त द्यावे लागले, आणि ते सरासरी इतक्या मिनिटांत मिळाले' असे जो दवाखाना लिहितो, त्याच्याकडे रक्ताची सोय आहे, हे वाचणाऱ्या सासऱ्याला बरोबर कळते. रक्तपेढी किती दूर आहे आणि रात्री ती उघडी असते का, हे त्याच परिच्छेदात लिहावे. मातामृत्यू झाल्यास तो २४ तासांच्या आत कळवावा लागतो आणि त्याची चौकशी रुग्णालयाच्या व जिल्ह्याच्या समितीपुढे होते. तेव्हा लपवण्याचा मार्ग तसाही नाही, आणि असू नये.

---

कृष्णाकाठ

काल मंडळाची बैठक झाली. सिझेरियनचे आकडे तीन गटांत विभागून छापायचे, रक्त मोजण्याच्या चादरी मागवायच्या, रात्रपाळीला दुसरी परिचारिका नेमण्यासाठी यंदाच्या देणग्यांतून तरतूद करायची आणि औषधांचे शीतकपाट जनरेटरला जोडून घ्यायचे, एवढे ठरले. वीस केसपेपरांपैकी सातांवर पहिल्या दोन तासांच्या पूर्ण नोंदी आढळल्या. हा आकडा अहवालात घ्यावा असे मी सुचवले आणि थोड्या चर्चेनंतर आमच्या मोठ्या डॉक्टरांनीच त्याला अनुमोदन दिले.

वर पाठवलेल्या मातांसाठी नवी वही केली आहे. सरांच्या सूचनेप्रमाणे जुन्या रजिस्टराला हात लावलेला नाही. जुन्या नावांपैकी ज्यांचा पत्ता लागेल त्यांना विचारावे, म्हणून मी प्रथम माझ्या विद्यार्थिनीला फोन केला. तिने सांगितले की जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती, तिला रक्ताच्या चार पिशव्या द्याव्या लागल्या आणि ती अकरा दिवस तिथे होती. गाडी मिळायला आमच्या दारात दीड तास लागला होता, हे तिच्या आईला अजून घड्याळातील काट्यांसह आठवते. 'बाई, इतक्या वर्षांत हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलेत,' असे ती म्हणाली. नव्या वहीतील पहिली नोंद तिची आहे, आणि 'निर्णयाची वेळ' व 'गाडी निघाल्याची वेळ' हे दोन्ही रकाने तिच्या आईने सांगितल्याप्रमाणे भरले आहेत.